अठरा सालचे दोन वात्रट

पुणतांबं लोकांना माहीत असतं ते चांगदेवांच्या समाधीमुळे, नाहीतर दौंड-मनमाड मार्गावरचं स्टेशन म्हणून, आणि २०१७ पासून शेतकऱ्यांच्या संपामुळे. १ जूनला संप सुरू झाला तेव्हा हे गाव सतत टीव्हीवर होतं. वार्ताहरांनी गोदावरीचा उल्लेख केला, चांगदेवांचा केला, ग्रामसभेचा केला. १२ जानेवारी १९१८ ला याच गावात रामचंद्र नरहर चितळकर नावाचा मुलगा (पुढचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे अण्णा) जन्मला होता, हे मी पाहिलेल्या बातम्यांत तरी कुणाला आठवलं नाही. आठवायचं कारणही नव्हतं म्हणा. संपाच्या बातमीत ‘ईना मीना डीका’ कुठे बसवणार?

त्यानंतर तीन महिन्यांनी, १६ एप्रिलला, खुद्द नगरमध्ये एका लष्करी घरात दुसरा मुलगा जन्मला. टेरेन्स अ‍ॅलन मिलिगन. बाप लिओ, आयरिश, ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत तोफखान्याकडे, आई फ्लॉरेन्स. बापाला पलटणीच्या करमणुकीत गाण्या-नाचण्याची भारी हौस. पोरगं पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकलं, मग रंगूनला गेलं, आणि फौजेतली कपात बापाच्या नोकरीवर आल्यावर तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंबाबरोबर इंग्लंडला. तिथे त्याने युकुलेली, गिटार, डबल बास, ट्रम्पेट असं हाताला लागेल ते वाद्य उचललं, जॅझच्या नादी लागला आणि पुढे स्पाइक मिलिगन या नावाने इंग्रजी विनोदाची घडीच विस्कटून टाकली.

म्हणजे नगर जिल्ह्याने (कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच) एका वर्षात दोन जॅझवेडे जन्माला घातले. जॅझची पहिली तबकडी अमेरिकेत निघून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. इथे महायुद्धाची महागाई होती, आणि पावसाळा सरता सरता मानमोडीची साथ आली. दोन्ही पोरं तगली.

आमच्या जिल्ह्याला स्वतःची ओळख करून द्यायची झाली की ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली इथपासून सुरुवात होते. मग शिर्डी येते, शिंगणापूर येतं, शेवटी प्रवरेचा साखर कारखाना. वात्रटपणाची जी जुनी परंपरा इथे आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. संगमनेरचे अनंत फंदी पेशवाईच्या उतरणीला लावण्या आणि फटके रचत हिंडत होते. जामखेडचे रामदास फुटाणे वात्रटिका म्हणत अख्खा महाराष्ट्र फिरले. या दोघांच्या मध्ये पुणतांब्याचे अण्णा आणि लष्करातल्या घरचा स्पाइक बसतात. मला ही रांग नेवाशाच्या पैस खांबाइतकीच मोलाची वाटते. हे विधान मी जरा जपून करतो आहे, कारण आमच्या घरात वारी आहे.

१९५१ साल घ्या. मुंबईत ‘अलबेला’ आला. भगवानदादांचा सिनेमा, राजेंद्र कृष्ण यांची गाणी, अण्णांचं संगीत. त्याच वर्षी २८ मे रोजी बीबीसीच्या रेडिओवर मिलिगनचा एक कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो ‘द गून शो’ या नावाने १९६० पर्यंत चालला. त्यात पीटर सेलर्स होता, तोही मूळचा डान्सबँडमधला ड्रमवाला. हसवाहसवी ऐन रंगात आली की ती थांबवून जॅझ वाजायचं; कधी मॅक्स गेल्ड्रेचा माउथऑर्गन, कधी रे एलिंग्टनची चौकडी. श्रोत्यांना श्वास घ्यायला जागा मिळावी म्हणून हे असेल, पण ऐकताना वाटतं की विनोद आणि जॅझ एकाच तालावर चालले आहेत आणि नुसतं वाद्य बदललं आहे. १९५६ मध्ये मिलिगनचं ‘यिंग टाँग साँग’ निघालं. अर्थाचा पत्ता नसलेलं ते गाणं ब्रिटनच्या विक्रीयादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. पुढच्याच वर्षी आपल्याकडे ‘आशा’ सिनेमात ‘ईना मीना डीका’ आलं. एकदा किशोरकुमारच्या गळ्यातून, एकदा आशा भोसल्यांच्या.

एका जिल्ह्यातले, एका सालचे दोघे, वर्षाच्या अंतराने दोन बिनअर्थाची गाणी काढतात. योगायोग म्हणून सोडून द्यायला हरकत नाही. पण या योगायोगाच्या मुळाशी एक वाद्य आहे, सॅक्सोफोन, असं मला वाटतं, आणि ते दोघांपैकी कुणाच्याच हातात नव्हतं.

जॅझमध्ये गाणारा माणूस मध्येच शब्द टाकून देतो आणि निरर्थक अक्षरं उधळायला लागतो. लुई आर्मस्ट्राँगच्या १९२६ च्या एका ध्वनिमुद्रिकेने ही तऱ्हा गाजवली. ऐकणाऱ्याला आधी थट्टा वाटते, मग लक्षात येतं की गळा आता सॅक्सोफोनचं, ट्रम्पेटचं काम करतो आहे. शब्दांतून अर्थ काढून घेतला की उरतो तो श्वास, जिभेचा ठोका आणि सुराची उडी. फुंकून वाजवायच्या वाद्याकडे याहून वेगळं काय असतं? मिलिगन ट्रम्पेट वाजवायचा, म्हणून त्याचे निरर्थक शब्द उच्चारायला इतके चपळ. त्याच्या बडबडगीतांत कुठे दम घ्यायचा हे शिकवावं लागत नाही. ती जागा आधीच फुंकलेली असते.

आणि अण्णा? अण्णा तर विनायकबुवा पटवर्धनांचे शिष्य. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात बुवांकडे शिकले, नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. विनायकबुवांची ख्याती कशासाठी? तराण्यासाठी. बुवा तराणा असा म्हणत की त्या अर्थहीन अक्षरांची माळ लयीवर नाचायची, आणि पांढरपेशे पुणेकर त्याला माना डोलवायचे. याला काही अर्थ नाही अशी तक्रार कुणी करत नसे. ‘ईना मीना डीका’चं मूळ लोक अमेरिकेतल्या रॉक अँड रोलमध्ये शोधतात, ते बरोबरच आहे. पण त्या गाण्याचा एक आजोबा सदाशिव पेठेच्या आसपासच कुठेतरी तंबोऱ्यासमोर मांडी घालून बसलेला आहे.

गाण्याच्या जन्माची गोष्ट प्रसिद्ध आहे. अण्णांच्या संगीतखोलीबाहेर मुलं खेळत होती, ‘ईनी मीनी मायनी मो’ म्हणत डाव कुणावर ते ठरवत होती. अण्णांनी ते उचललं. त्यांचे सहायक जॉन गोम्स गोव्याचे. त्यांनी त्यात कोंकणी घुसडलं. पुढचं राजेंद्र कृष्ण यांनी रचलं. म्हणजे पुणतांब्याचा संगीतकार, पंजाबी गीतकार, गोव्याचा वाजवणारा आणि रस्त्यावरची पोरं अशी ही भागीदारी. या भागीदारीतला गोव्याचा हिस्सा मात्र नीट मांडायला हवा.

गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना सुरांची लिपी शिकवत. व्हायोलिन हातात देत आणि कागदावरचं वाचून वाजवायला लावत. प्रार्थनेसाठी म्हणून दिलेली ही विद्या पोटासाठी मुंबईला आली. धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या गावागावांचे कूड होते. गावचा माणूस बोटीतून उतरला की ट्रंक तिथे टाकायची आणि काम शोधायला निघायचं. काम होतं हॉटेलात. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, आणि इथल्या वादकांनी जॅझ रेकॉर्डवरून ऐकायच्या ऐवजी समोर बसून ऐकलं. चार वर्षांत ताजच्या बँडची सूत्रं मिकी कोरिया यांच्याकडे आली, ती १९६० पर्यंत राहिली. कोरिया स्वतः सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटवाले. रूडी कॉटन हा टेनर सॅक्सवाला त्या काळातला मोठा गडी, आणि नावावरून वाटणार नाही पण पारशी. मूळ नाव कावसजी खटाव. आणि हळदोण्याचा अँतोनियो झेव्हियर वाझ, ज्याला सगळी मुंबई चिक चॉकलेट म्हणायची. तो ट्रम्पेटवाला. हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग ही त्याची जाहिरात होती, आणि जाहिरातीच्या मानाने ती बरीच खरी होती.

हॉटेलांतले दिवस असे चालले असताना स्वातंत्र्य आलं, गोरे साहेब गेले, संस्थानिकांच्या मेजवान्या आटल्या, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याने उरलेली कसर भरून काढली. पेला नाही तर नाच नाही, नाच नाही तर बँड नाही. वाजवणारे दादर-अंधेरीच्या स्टुडिओंकडे वळले. दारूबंदी आणणाऱ्या मोरारजी देसाईंनी हिंदी सिनेसंगीतावर केलेले हे उपकार त्यांच्या स्वप्नातही नसतील.

सिनेमात अण्णांनी त्यांना जागा दिली. ती इतरांनीही दिली. पण इतर बरेच जण बँडला पार्टीच्या प्रसंगापुरता बोलवत. अण्णांनी बँडला विनोदाचं काम दिलं. १९४७ च्या ‘शहनाई’त ‘आना मेरी जान संडे के संडे’मध्ये आल्टो सॅक्स, गिटार आणि माउथऑर्गन यांची गट्टी जमवली आणि वर शीळ घातली. ‘अलबेला’च्या ‘शोला जो भडके’त बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्स सगळे एका गाण्यात बसवले. चिक चॉकलेट अण्णांचा सहायक होता, आणि ‘अलबेला’त तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. अण्णांना बेनी गुडमनच्या क्लॅरिनेटचा नाद होता हे सगळेच सांगतात. नाद असणं वेगळं आणि नादाला मराठी वळण देणं वेगळं. सॅक्सोफोन अण्णांच्या गाण्यात कधी रडत बसत नाही. तो सोंगाड्यासारखा बाजूने येतो, नायकाच्या वाक्यावर कोटी करतो आणि निघून जातो.

ब्लूजचं एक मर्म सांगितलं जातं ते गंधाराचं. तो धड कोमल नसतो, धड शुद्ध नसतो, दोन्हींच्या मधल्या फटीत हलतो. पियानोवर ती जागा सापडत नाही, कारण पट्ट्या ठरलेल्या. सॅक्सवर ओठ जरा सैल सोडला की सूर खाली घसरतो आणि ती जागा हाती लागते. आपल्याकडे गळ्यात वाढलेल्या माणसाला अशा जागा नव्या नाहीत. पेटीवर चाल बांधणाऱ्या अण्णांना त्या पेटीत मिळत नसणार. त्या मिळाल्या गळ्यात आणि सॅक्सोफोनच्या नळीत. ही माझी अटकळ म्हणा हवं तर, पण अण्णांची गाणी पेटीवर वाजवून पाहिली की काहीतरी सांडल्यासारखं वाटतं, हा अनुभव मात्र अटकळ नाही.

हे सगळं कागदावर कसं उतरायचं? संगीतकार गुणगुणणार, सहायक सुरांच्या लिपीत लिहिणार, वाजवणारा वाचणार. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं आणि मायना काय लिहावा, चिरंजीव की तीर्थरूप, या पेचात कागद कोराच पाठवला, ही गोष्ट पुणतांब्याच्या शाळेतलं पोरही सांगेल. स्टुडिओतल्या सॅक्सवाल्याचा पेच बरोबर उलटा. त्याच्या पुढ्यात भरलेला कागद असायचा आणि तो कोरा असल्यासारखा वाजवायचा असायचा. रात्री हॉटेलात तो एकाच चालीवर दहा मिनिटं आपल्या मनाने हिंडायचा. दिवसा त्याला दोन कडव्यांच्या मधली आठ मापं (बार) मिळायची, तीही दुसऱ्याने लिहिलेली. त्या आठ मापांत सुराला दिलेला एखादा झोल, ठोक्याच्या किंचित मागे राहण्याची एक लकब, एवढंच त्याचं स्वतःचं. तेवढ्यावर लोकांनी गाणी डोक्यावर घेतली, आणि तबकडीवर नाव छापलं ते गायकाचं आणि संगीतकाराचं.

त्यातल्या त्यात नाव राहिलं ते मनोहारी सिंग यांचं. नेपाळी कुटुंब, जन्म १९३१ चा कलकत्त्याचा, वाद्यांचे धडे बाटानगरातल्या बाटा कंपनीच्या बँडमध्ये. चपला करणाऱ्या कारखान्याच्या बँडमधून हा माणूस कलकत्त्याच्या हॉटेलांत आणि तिथून १९५८ मध्ये सलील चौधरींच्या बोलावण्यावरून मुंबईत आला. ‘काश्मीर की कली’मधल्या ‘है दुनिया उसी की’त किंवा ‘आराधना’च्या ‘रूप तेरा मस्ताना’त जो सॅक्स ऐकू येतो, तो त्यांचा. ‘ये शाम मस्तानी’ म्हणून कुणी शीळ घालतं, ती मूळ शीळही त्यांचीच. मनोहारींच्या हाती सॅक्स रात्रीचा झाला, ओला झाला, प्रेमात पडला. त्यांच्यानंतर हिंदी सिनेमात सॅक्स वाजला की खोलीत मंद दिवा असणार हे ठरूनच गेलं. वाजवणं फारच देखणं. तरी अण्णांचा भर उन्हातला टवाळ सॅक्स तेव्हा मागे पडला याची मला चुटपुट आहे.

मराठी माणसाने अण्णांचं काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. ‘अनारकली’ आम्ही देवघरात ठेवली. लताबाईंसाठी त्यांनी बांधलेल्या चालींवर आमचे लेख, आमची पुस्तकं, आमचे कार्यक्रम. ‘ईना मीना’चा विषय निघाला की निवेदक किंचित हसतो आणि ‘अण्णांनी अशीही गाणी दिली’ म्हणतो. त्या ‘अशीही’मध्ये क्षमा असते. हा सूर जुना आहे. १९५२ मध्ये माहिती खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर, पुन्हा मराठीच माणूस, यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत बंद केलं होतं. लोकांनी निमूटपणे काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. आणि २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत पंडित नेहरूंसमोर ‘ऐ मेरे वतन के लोगो’ झालं, तेव्हापासून तर अण्णा कायमचे गंभीर झाले. जन्मतारीख १२ जानेवारी, मृत्यू १९८२ च्या ५ जानेवारीचा, आणि वर सव्वीस जानेवारी. महिनाभर तेच एक गाणं लाउडस्पीकरवर. चाल थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सबंध हिंदुस्थानला हसत हसत नाचायला लावणारा माणूस वर्षातून एकदा रडवण्यापुरता उरावा, हा हिशोब मला पटत नाही.

अण्णांनी स्वतः मात्र वात्रटपणा सोडला नव्हता. १९७० च्या ‘घरकुल’मध्ये एकीकडे ‘मलमली तारुण्य माझे’ आहे, आणि दुसरीकडे ‘नंबर फिफ्टी फोर’. मराठी पडदा पाटील-सरपंच आणि सवाल-जवाबांत गुंतलेला असताना या गृहस्थाने एक इंग्रजी क्लबगीत उचलून थेट मराठी सिनेमात आणून बसवलं. तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. आमच्या लहानपणी गॅदरिंगमध्ये पोरं त्यावर नाचायची आणि सर लोक पहिल्या रांगेत गंभीर चेहऱ्याने पायाने ताल धरायचे.

तिकडे मिलिगनची टवाळी त्याला महाग पडली. महायुद्धात इटलीच्या आघाडीवर १९४४ च्या जानेवारीत उखळी तोफेचा गोळा जवळ फुटला. शरीर सावरलं, मन पुरतं कधीच नाही. रुग्णालयातून सुटल्यावर बिल हॉलच्या त्रिकुटात गिटार वाजवत सैनिकांना हसवत फिरला, त्यातूनच पुढचं सगळं सुरू झालं. ‘गून शो’चे भाग लिहिता लिहिता खचला, पुन्हा उठला, जन्मभर नैराश्याचे झटके सोसले आणि त्याबद्दल उघडपणे बोलला. नगरला जन्मलेल्या या माणसाला ब्रिटनने नागरिकत्वाच्या कागदपत्रांवरून अडवलं, तेव्हा त्याने आयरिश पासपोर्ट काढला. २००२ च्या फेब्रुवारीत गेला. आजारी आहे म्हणून तुम्हाला सांगितलं होतं ना, अशा अर्थाचं वाक्य त्याच्या थडग्यावर आहे, तेही आयरिश भाषेत कोरलेलं. थडग्यावर एवढं विनोदी वाक्य कोरायला परवानगी कशी मिळाली, तर म्हणे भाषा बदलून. फंदींना हा माणूस आवडला असता.

सॅक्सोफोन सध्या नगर जिल्ह्यात कुठे आहे म्हणाल, तर वरातीत. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सने पॅरिसमध्ये १८४६ साली पेटंट घेतलं आणि हे वाद्य आधी फ्रेंच पलटणीच्या बँडात गेलं. तिथून पलटणी जिथे गेल्या तिथे. पितळेचं असूनही वाद्यशास्त्रात ते सनई-क्लॅरिनेटच्या भावकीत बसतं, कारण आवाज पितळेतून येत नाही, तोंडाशी बांधलेल्या बोरूच्या पातळ पट्टीतून येतो. आता बँड कंपन्यांत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडने बऱ्याच वाजवणाऱ्यांचं काम खाल्लं आहे. ट्रम्पेट कमी झाले, क्लॅरिनेट दुर्मीळ झालं. सॅक्स टिकला, कारण तो माइकवर चांगला येतो आणि व्हिडिओत देखणा दिसतो.

श्रीरामपूरकडच्या एका लग्नात परण्या निघायला उशीर होत होता. वैशाखातलं दुपारचं ऊन, नवरदेवाची घोडी अजून वाटेत. बँडची गाडी मंगल कार्यालयाच्या भिंतीच्या सावलीला लावलेली. सॅक्सवाले मास्तर, पन्नाशीचे, जरतारी कोटाची बटणं उघडून बसले होते. सॅक्स मांडीवर आडवा. त्याचा मुलामा बोटं टेकतात तिथे उडून गेलेला, एका चावीची स्प्रिंग गेली होती म्हणून तिथे दुधाच्या पिशवीचा रबर ताणून लावलेला, माउथपीस बसतो तिथल्या बुचाला पांढरा दोरा गुंडाळलेला. रीड त्यांनी तोंडात धरली होती आणि तशीच धरून बोलत होते. आजा गावच्या दारी सनई वाजवायचा, बापाने क्लॅरिनेट धरलं, यांनी सॅक्स. तीन पिढ्या वाजवतात. जेवायचं पान मात्र आजाला मांडवाबाहेर मिळायचं, बापाला शेवटच्या पंगतीत. तुम्हाला? असं विचारल्यावर हसले, आता बुफे आहे म्हणाले.

मग कंटाळा घालवायला म्हणून त्यांनी रीड बसवली आणि ‘शोला जो भडके’ सुरू केलं. पहिलं कडवं सरळ. पुढे जिथे मूळ गाण्यात बँड येतो तिथे हे मूळ सोडून निघाले. गंधारावर आले, तो सैल सोडला, खाली घसरू दिला, पुन्हा उचलला, आणि ठोक्याच्या मागे राहून असं काहीतरी लांबवलं की कीबोर्डवाल्या पोराने मोबाइलमधून मान वर केली. दोन म्हाताऱ्यांनी जागच्या जागी हात अर्धे उचलून, खांदे पाडून, भगवानदादांची ती अर्धी पावलं टाकली. ही पावलं महाराष्ट्रात कुणी शिकवत नाही, सगळ्यांना येतात.

वाजवून झाल्यावर मी विचारलं, “मास्तर, कुणाचं हो हे गाणं?”

“भगवानदादांचं.”

“आणि चाल?”

“चाल?” त्यांनी रीड पुन्हा तोंडात धरली. “चाल बँडची.”

मी म्हटलं, चाल इथल्याच माणसाची आहे, पुणतांब्याच्या, सी. रामचंद्रांची. त्यांनी नाव ऐकलेलं होतं. ते पुणतांब्याचे हे मात्र त्यांना नवं होतं. “पुणतांब्याला दोन सुपाऱ्या हायेत आपल्या या तिथीला,” ते म्हणाले, “तिथं मग हेच घेतो पहिलं.” मधलं ते तुम्ही जे वाजवलंत ते कुठून आणलं, असंही मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. वाजवता वाजवता येतं ते, एवढंच म्हणाले, आणि तेवढ्यात घोडी आली. मुलाकडचा एक तरुण फेट्याचं टोक सावरत धावत आला, “मास्तर, ते जुनं राहू द्या, ‘झिंगाट’ घ्या ‘झिंगाट’!”

मास्तरांनी कोटाची बटणं लावली. पट्टा गळ्यात अडकवता अडकवता मला म्हणाले, “झिंगाटमदी सॅक्सला काय काम नाय तसं. पण घालतो कुठंतरी.”